ऑपरेशन तिचं की आपलं?

दोन लेकरं झाली, आता बास, हे नवरा-बायकोचं ठरतं. त्यानंतरचा प्रश्न, नसबंदीचं ऑपरेशन कुणी करून घ्यायचं हा, मात्र घरात कुणी तोंडाने विचारत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. आमच्या आशाताईंनी विचारलं तेसुद्धा असंच, "वहिनींचं कधी घ्यायचं, दादा?" वहिनींचं घ्यायचं का, असं नाही. कधी, एवढंच.

आमच्या घरी ते अखेर माझं झालं. फार मोठा विचार करून झालं असं म्हणणार नाही. एका दुपारी मी वैतागलो, तिथून सुरुवात झाली. तुमचंही सध्या हेच चाललं असेल तर माझा अनुभव कामी येईल म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, दूध संकलन केंद्र चालवतो. तेव्हा औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा, बाकीचं माझ्याकडून ऐका.

तांबी, अंतराचं इंजेक्शन, छायाच्या गोळ्या ही दिवस न राहण्याची तात्पुरती साधनं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. कायमचं थांबायचं की नाही अशी ज्यांना थोडी जरी शंका असेल त्यांनी तिकडेच बघावं. हिने तांबी दीड वर्ष ठेवली, अंगावरून फार जायला लागलं म्हणून काढून टाकली. पुढे आमचं पक्कं झालं होतं. ज्यांचं असं पक्कं आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय, कारण दोन्ही ऑपरेशनं कायमची समजूनच करायची असतात. नळी परत जोडता येते म्हणतात, पण त्या भरवशावर कुणी टेबलावर चढू नये.

बाईच्या ऑपरेशनाचे दोन प्रकार तुम्हाला माहीत असतील, टाक्याचं आणि दुर्बिणीचं. टाक्याच्यात ओटीपोटावर छोटी चीर देतात. दुर्बिणीच्यात पोटात गॅस भरतात आणि नळीला रिंग घालतात. त्या गॅसमुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. माझ्या वहिनीचा, म्हणजे भावाच्या बायकोचा, दुखला होता आणि पोटाचं ऑपरेशन करून खांदा का दुखतो म्हणून सगळं घर घाबरलं होतं. पुरुषाच्या ऑपरेशनात टाका नाही, चीरही नाही म्हटलं तरी चालेल. जागेपुरती भूल देतात, एका टोकदार चिमट्याने कातडीला भोक पाडतात, शुक्राणू वाहून नेणारी नळी बाहेर घेऊन कापतात आणि बांधतात. ही पद्धत चीनमध्ये 1974 साली निघाली. आपल्याकडे जुनं चीर देऊन करायचं ऑपरेशन लोकांच्या डोक्यात अजून बसलंय, ती भीती त्याच्यातली.

दोन्हीत नळीच बंद करतात. पण तिची नळी पोटाच्या आत खोल आहे. आपली कातडीखाली आहे, बोटाला लागते. मला विचाराल तर सगळी तुलना या दोन वाक्यांत संपली. पण मला हे कळायला दोन बुधवार जावे लागले.

पहिल्या बुधवारी हिची तारीख होती. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशनचा वार ठरलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं, तरी आमच्याकडे सगळे त्या वाराला शिबिरच म्हणतात. रात्री बारानंतर काही खायचं नाही असं सांगितलेलं. सकाळी आठला पोचलो. रक्त-लघवी तपासली, ब्लडप्रेशर घेतलं, संमतीपत्रावर सही झाली. हिच्यासारख्या बारा-तेरा बायका व्हरांड्यात चटईवर बसलेल्या, प्रत्येकीच्या दंडाला चिकटपट्टी आणि त्यावर नंबर. हिचा नंबर नऊ. धाकटी अकरा महिन्यांची, अंगावर पिणारी. आई उपाशी आणि पोर पितंय, असं दोन वाजेपर्यंत चाललं. मध्ये मी वडापाव खाऊन आलो, त्याची मला अजून लाज वाटते. अडीचला सिस्टरांनी येऊन सांगितलं, सर्जन दुसरीकडे अडकलेत, आज होणार नाही, पुढच्या बुधवारी या. आणि हो, परत रात्रीपासून उपाशी राहून या.

सिस्टर स्वतः सकाळपासून उभ्या होत्या, त्यांना काय बोलणार? आणि सर्जनांनी घाईने उरकलं नाही हेही बरंच म्हणायचं. घाई काय करते ते छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ 2014 च्या नोव्हेंबरात दिसलं. तिथे एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली आणि त्यानंतर दहापेक्षा जास्त जणी दगावल्या. नियम तर एका चमूने दिवसात 30 च्या वर जायचं नाही असा होता. म्हणून थांबवलं याचा मला राग नाही. पण व्हरांड्यातून उठताना हिला चक्कर आली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "परत हेच करायचंय ना, आठ दिवसांनी?"

तिथेच भिंतीवर पुरुष नसबंदीचं पोस्टर होतं, वर लाल त्रिकोण. आयुष्यभर असली पोस्टरं बघत आलोय, वाचलं त्या दिवशी पहिल्यांदा. केस पेपरच्या खिडकीवर विचारलं, पुरुषाचं करायचं तर उपाशी यायचं का? खिडकीतला माणूस आधी माझ्याकडे, मग हिच्याकडे बघून म्हणाला, "नाही, चहा-पोहे खाऊन या."

पुढच्या बुधवारी मी चहा-पोहे खाऊन गेलो.

माझा अनुभव सांगतो, तुमचा थोडा वेगळा असू शकेल. भुलीचं इंजेक्शन देताना जे दुखलं ते खरं दुखणं. गांधीलमाशी चावल्यासारखं, तेही दोन-तीन क्षण. पुढे आत ओढल्यासारखं वाटत राहिलं, पोटात जरा कळ आली. डॉक्टर यंदा गाईच्या दुधाला काय दर आहे ते विचारत होते. फॅटचा हिशेब सांगून होईपर्यंत काम झालं होतं. पंधरा मिनिटं असतील. अर्धा तास बाकावर बसवलं आणि घरी जा म्हणाले. गाडी भावाने चालवली. दोन दिवस घरी पडून होतो, घट्ट लंगोट बांधून. आठवडाभर सायकल नाही आणि जड उचलायचं नाही. आमच्या धंद्यात ही अडचण मोठी, चाळीस लिटरचा कॅन उचलल्याशिवाय सकाळ होत नाही. सहा दिवस चुलतभाऊ येत होता. पाचव्या दिवशी मी शहाणपणा करून एक कॅन टेम्पोला लावला आणि रात्रभर सूज घेऊन बसलो. तुम्ही करू नका.

तिच्या ऑपरेशनच्या बाजूनेही बोलायला हवं. सिझर होणार असेल आणि हेच शेवटचं मूल असं ठरलेलं असेल, तर त्याच वेळी नळ्या बांधून घेणं सोयीचं, पोट तसंही उघडलेलंच असतं. तिथे मी नवऱ्यासाठी वेगळं ऑपरेशन कशाला म्हणेन? दुसरं, तिचं ऑपरेशन झालं की लगेच निर्धास्त. आपलं तसं नाही. तीन महिने निरोध वापरावाच लागतो, कारण नळी कापली तरी पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. आमच्या दूध गार करायच्या चिलरचा कॉक बंद केला तरी पाइपातलं दूध येत राहतं ना, तसंच. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं आणि त्यात शुक्राणू नाहीत असं आलं की मगच मोकळं. ही तपासणी बरेचजण टाळतात आणि पुढे दिवस गेले की ऑपरेशनला, नाहीतर बायकोला दोष देतात. तपासणीपर्यंत धीर धरणारा नवरा नसेल तर माझी सगळी वकिली फुकट, मग तिचंच केलेलं बरं.

ऑपरेशनबद्दल सरकारकडून मिळणारे पैसे मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण त्यावरून ठरवू नये. आपल्याकडे केंद्राच्या दराने पुरुषाला 1100 रुपये, बाईला 600, तेही दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. बाकीच्या बायकांना 250. पुरुषाच्या रकमेत राज्य थोडी भर घालतं. बँक पासबुक आणि आधार न्यावं लागतं.

आता ऑपरेशनने पुरुषाला अशक्तपणा येतो म्हणतात, त्याचं. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. "बाईमाणूस घरात असताना तुला काय गरज होती? कॅन कोण उचलणार, ती?" आईलाही मी दोष देत नाही. आणीबाणीत तिच्या माहेरचे लोक ऑपरेशनची गाडी आली की उसात जाऊन बसायचे, हे ती अजून सांगते. देशभर 1976-77 या एका वर्षात 80 लाखांवर ऑपरेशनं झाली, त्यातली 60 लाखांवर पुरुषांची. आपल्या राज्याने तर 1976 साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही विधिमंडळात मंजूर केलं होतं, फक्त त्याचा कायदा झाला नाही. तो धसका असा बसला की सगळं ओझं बायकांकडे गेलं आणि तिकडेच राहिलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात लग्न झालेल्या 49 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं, पुरुषांचं 0.4 टक्के. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच राज्यातला हा आकडा.

ताकदीचं म्हणाल तर कॅन मी आजही उचलतो. बाकीच्या ताकदीबद्दल इथे लिहीत नाही, पण तक्रार नाही. उलट पूर्वीची धाकधूक गेली, त्याने हिचाच जीव जास्त मोकळा झाला असं मला वाटतं. वहिनी मात्र अजून कंबर धरून बसते. ते ऑपरेशनमुळेच का दोन बाळंतपणांमुळे, कोण सांगणार?

जायचं असेल तर एक सुचवतो. 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. त्या दिवसांत विचारणा केली की सगळे धावून येतात, सर्जनही ठरल्या दिवशी सापडण्याची शक्यता जास्त. फक्त ऊसतोडीचे दिवस असतात, तेव्हा उचल-ठेव करणारा माणूस आधी बघून ठेवा.

तीन महिन्यांनी मी बाटली घेऊन लॅबमध्ये गेलो. खिडकीतल्या मुलीने न बघता नाव लिहून घेतलं आणि बाटली इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिली. संध्याकाळी रिपोर्ट मिळाला, त्यावर 'निल' एवढंच. हिने तो दोनदा वाचला आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. त्याच पिशवीत त्या बुधवारची नऊ नंबरची चिकटपट्टीही आहे, ती तिने कधी ठेवली मला माहीत नव्हतं.