पहिली सेमी-ऑटो रायफल, तीही स्कोप लावायला: १०/२२, १५-२२, एआर-१५ का मिनी-१४?

अमेरिकेत आपल्या मंडळींपैकी बरेच जण आता रेंजवर जायला लागलेत, ऑफिसमधला कोणीतरी एकदा सोबत घेऊन जातो आणि पुढच्या आठवड्यात प्रश्न सुरू होतो की पहिली रायफल कुठली घेऊ. आणि जवळजवळ प्रत्येकाला वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) किंवा स्कोप (दुर्बीण) हवाच असतो, जे बरोबरच आहे, कारण चाळिशीनंतर फोरसाइट (नळीच्या टोकाची नेमाची खूण) आणि टार्गेट दोन्ही एकदम स्वच्छ दिसत नाही. पण दुकानात गेल्यावर बोलणं होतं ते ब्रँडवर, रंगावर, डिस्काउंटवर. मी म्हणेन ते सगळं बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी बघा. ऑप्टिक, म्हणजे स्कोप किंवा रेड डॉट, नक्की कशावर बसतंय, आणि ते बसल्यावर गाल स्टॉकवर टेकवला की डोळा आपोआप त्याच्या मागे येतो का. या दोन गोष्टी जमल्या तर शूटिंग शिकता येतं, नाही जमल्या तर मान अवघडते आणि नेम रोज वेगळ्या जागी जातो.

आधी कायद्याचं, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने साधारणपणे बंदूक घेता येत नाही आणि बाळगताही येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाशी बोला, इमिग्रेशनचा मामला आहे. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. डीलरकडे फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि त्यात गांजाबद्दल स्पष्ट प्रश्न आहे, तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, त्यामुळे तिथे खोटं लिहायचा विचारही करू नका. मग राज्य: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे एआर-१५ नेहमीच्या रूपात मिळत नाही, न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून कार्ड काढावं लागतं आणि मॅगझिन दहा गोळ्यांपर्यंतच. टेक्सासमधल्या मित्राने जी घेतली तीच न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मिळेल असं धरून चालू नका.

आता मुद्द्यावर. जुन्या सेमी-ऑटो रायफली (ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते) दिसायला सुंदर, इतिहासही दांडगा, पण बऱ्याच जणींवर स्कोप बसवणं म्हणजे त्रास. एम-१ गॅरंड घ्या, तिच्यात आठ गोळ्यांची क्लिप वरून भरतात आणि पुंगळ्याही वरच्या बाजूला उडतात, म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या तिच्या स्नायपर आवृत्तीत स्कोप डावीकडे सरकवून बसवला होता आणि गाल डावीकडे यावा म्हणून स्टॉकला चामड्याची गादी बांधायचे. एके पद्धतीच्या रायफलीचं वरचं झाकण पातळ पत्र्याचं आणि साफसफाईला निघणारं, त्यावर काही बसवलं तर झीरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येण्याची जुळणी) टिकत नाही, म्हणून तिला बाजूला रेल (ऑप्टिक बसवायची पट्टी) देतात. आवड म्हणून नंतर जरूर घ्या. पहिली म्हणून नको.

पहिली म्हणून खरी स्पर्धा चार जणींत आहे.

रुगर १०/२२ ही १९६४ पासून बनतेय. पॉइंट टू टूची (.२२ मापाची छोटी) गोळी, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, ते स्टॉकच्या आत पूर्ण बसतं त्यामुळे खाली काही लोंबत नाही. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू टू मारलीय त्यांना आवाज आणि धक्का ओळखीचा वाटेल, फक्त इथे दर वेळी बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) ओढायचा नाही. आणि पॉइंट टू टू म्हणजे पोरांचा खेळ असं कोणी म्हणालं तर कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ याच काडतुसावर मिळवलंय, तेसुद्धा दुर्बिणीशिवाय. ऑप्टिकच्या दृष्टीने १०/२२ सोपी आहे, रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा) वर चार भोकं पाडून आटे दिलेले असतात, साध्या कार्बाइनबरोबर स्कोपचा बेस डब्यातच येतो, काही मॉडेलवर रेल आधीच लावलेली असते. पण रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू बारीक, त्यामुळे जोर लावून पिळलं की आटे गेलेच समजा. इंच-पाउंडमधला टॉर्क ड्रायव्हर घ्या, आणि बेस लावण्याआधी भोकातलं तेल अल्कोहोलने पुसून काढा.

१०/२२ ची खरी अडचण गालाची आहे. तिचा लाकडी कार्बाइन स्टॉक साध्या साइटसाठी बनवलाय, म्हणजे गाल खाली आणि डोळा नळीच्या अगदी जवळ. वर स्कोप लावला की डोळा वर उचलावा लागतो, मग गालाऐवजी हनुवटी लाकडावर टेकते आणि डोकं हलत राहतं. पहिल्यांदा मारणाऱ्याला बाजूने बघा, दर गोळीला मान थोडी पुढे-मागे होते आणि स्कोपमध्ये काळी सावली एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून येते, त्याला वाटतं स्कोप खराब आहे. उपाय म्हणजे शक्य तितक्या बुटक्या रिंग्ज (स्कोप धरणारी कडी) आणि मागची साइट पाडून ठेवणं, ती घडी होते. तरी उंची कमी पडली तर गालाखाली पट्टी बांधा किंवा मॅगपुलचा एक्स-२२ सारखा उंची बदलता येणारा स्टॉक घ्या. आणखी दोन बारीक गोष्टी, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही, त्यामुळे रिकामी आहे का हे दर वेळी उघडून डोळ्याने आणि बोटाने तपासायची सवय लागलीच पाहिजे, आणि रिसीव्हरची मागची बाजू बंद असल्याने नळी मागून साफ करता येत नाही.

स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ ही पॉइंट टू टूच, पण अंगाने पूर्ण एआर. सेफ्टी, मॅगझिनचं बटण, बोल्ट कॅच सगळं एआरच्याच जागी, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबतो, आणि वर सपाट रेल असल्यामुळे रेड डॉट लावणं पाच मिनिटांचं काम. पुढे एआर घ्यायचा विचार असेल तर हाताला लागलेली सगळी सवय तशीच्या तशी उपयोगी पडते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. कमतरता म्हणजे वरचा भागही प्लॅस्टिकचा, रेलसकट, त्यामुळे जड स्कोप आणि करकचून आवळलेला माउंट तिच्यावर नको, हलका रेड डॉट किंवा छोटा प्रिझम स्कोप (काचेवर नेमाची रेषा कोरलेला) हेच तिचं जोडीदार. अचूकतेत चांगल्या नळीची १०/२२ हिच्या पुढे जाते, पण ते पहिल्या वर्षात कोणाला कळणार नाही.

एआर-१५ बद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच लोक घाईत पैसे घालवतात. यूजीन स्टोनरच्या या डिझाइनवर सुरुवातीला वर कॅरी हँडल असायचं आणि स्कोप त्या हँडलच्या खाचेत, म्हणजे खूपच उंचावर बसायचा. नंतर हँडल गेलं, सपाट पाठ आली आणि तिच्यावर ठरलेल्या मापाच्या खाचांची पिकॅटिनी रेल आली, आणि ऑप्टिक लावायला हिच्याइतकी सोयीची रायफल दुसरी राहिली नाही. रुगरची एआर-५५६ किंवा स्मिथ अँड वेसनची स्पोर्ट मालिका, साधारण सातशे ते नऊशे डॉलरमध्ये पहिली म्हणून पुरेशी आहे.

एआरचा स्टॉक नळीच्या सरळ रेषेत मागे येतो, धक्का सरळ खांद्यात जावा म्हणून. त्यामुळे डोळा नळीपासून बराच वर राहतो आणि ऑप्टिकही उंच लागतं, साधारण अडीच इंच. १०/२२ वरच्या बुटक्या रिंग्ज इथे लावल्या तर डोकं स्टॉकमध्ये कितीही घुसवलं तरी दिसणार नाही. आणि या उंचीचा परिणाम टार्गेटवर दिसतो, ५० यार्डांवर झीरो केलेली एआर १० यार्डांवर जवळजवळ दोन इंच खाली मारते, रायफल बिघडलेली नसते, नजर आणि नळी यांच्यातलं ते अंतर असतं. स्कोप घेतला तर पुढे झुकलेला एकसंध कँटिलिव्हर माउंट घ्या, कारण डोळ्यापासून तीन-चार इंच अंतर ठेवायला स्कोप पुढे सरकवावा लागतो आणि रिसीव्हरवरची जागा संपते. जागा पुरत नाही म्हणून एक रिंग रिसीव्हरवर आणि दुसरी हँडगार्डवर (नळीभोवतीचं हाताने धरायचं आवरण) असं अजिबात करू नका, हँडगार्डवर हाताचा किंवा बायपॉडचा (पुढच्या दोन पायांच्या टेकूचा) दाब आला की झीरो गेला.

एआरची गोळी .२२३ किंवा ५.५६ या मापाची, नळीवर ५.५६ लिहिलं असेल तर तिच्यात .२२३ पण चालते, नुसतं .२२३ लिहिलं असेल तर ५.५६ घालू नका. खर्चाचं म्हणाल तर गोळी पॉइंट टू टूच्या साधारण पाच-सहा पट महाग, आवाज मोठा, इनडोअर रेंजवर तर शेजारच्या लेनचा दणका छातीत जाणवतो आणि नवीन माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही, आणि माझा पॉइंट टू टूचा आग्रह मुख्यतः यासाठीच आहे.

रुगर मिनी-१४ सत्तरच्या दशकातली, लाकडी स्टॉकची, गॅरंडच्या वळणाची, तीच .२२३ आणि ५.५६. रँच मॉडेलला रिसीव्हरवरच स्कोपच्या खाचा कोरलेल्या आहेत, रिंग्ज आणि रेल डब्यात येतात. पण पुंगळ्या इतक्या जोरात फेकते की शेजारच्याला सांगून ठेवावं लागतं, पातळ नळी तापली की गोळ्यांचा घोळका पसरतो, आणि किंमत हजार-बाराशेच्या पुढे. ज्यांच्या राज्यात एआर मिळत नाही आणि सेंटरफायरच (.२२३ सारख्या मोठ्या काडतुसाची) हवी आहे त्यांनी तिचं साधं लाकडी मॉडेल स्थानिक नियम तपासून बघावं, बाकीच्यांना तेवढ्या पैशात एआर आणि बरा रेड डॉट दोन्ही मिळतात.

तर निवड कशी करायची? घरात मुलं शिकणार आहेत, कधीतरी महिन्यातून एकदा जाणार, किंवा राज्य कडक आहे, तर १०/२२ आणि तिच्यावर रिमफायरचा (पॉइंट टू टूसाठीचा) छोटा स्कोप, ज्याचं पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण हलल्यासारखी दिसू नये म्हणूनची जुळणी) ५० यार्डांवर लावलेलं असतं, १०० यार्डांचा सेंटरफायर स्कोप उचलून आणू नका. वर्ष-दोन वर्षांत एआर घ्यायचीच आहे असं मनात असेल तर १५-२२ आणि रेड डॉट, आणि तोच डॉट पुढे एआरवर जाईल असा निवडा. सरळ एआर घ्यायची तर घ्या, पण एखादा कोर्स करून आणि कानात प्लग आणि त्यावर इअरमफ असं दुहेरी संरक्षण घालून. मला स्वतःला विचाराल तर ज्याला १०/२२ आणि १५-२२ दोन्ही मिळतात त्याने १५-२२ घ्यावी.

रेड डॉट घेण्याआधी दुकानात त्यातून बघा. ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेला दिसला तर फोनच्या कॅमेऱ्याने त्यातूनच फोटो काढा, फोटोत गोल आला तर दोष डोळ्यातल्या ॲस्टिग्मॅटिझमचा, मग रेषा काचेवर कोरलेला प्रिझम स्कोप घ्या. रिंग्ज घेताना वीव्हर (रेलचाच दुसरा प्रकार) आणि पिकॅटिनी एकच समजू नका, वीव्हरची खाच अरुंद असते, वीव्हरच्या रिंग्ज सहसा पिकॅटिनीवर बसतात पण उलटं बसत नाही. आणि बजेटमध्ये रायफलीइतकीच जागा तिजोरीसाठी ठेवा, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली रायफल ही कुलुपातली रायफल नव्हे, मुलं खुर्ची ओढतात.

झीरो आधी २५ यार्डांवर करा, वाळूच्या पिशवीवर टेकवून, तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा आणि गटाचा मध्य बघून क्लिक (स्कोपवरच्या नेम सरकवणाऱ्या फिरकीचे टप्पे) फिरवा, एकेका गोळीमागे धावू नका. मग ५० वर पक्कं करा. पॉइंट टू टू ५० वर झीरो केली तर १०० वर सहा-सात इंच खाली पडते, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. झीरो झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर पेंटच्या पेनाने एक बारीक रेघ ओढा, आणि पहिल्या पन्नास-शंभर गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसते का ते बघा, तुटली असेल तर स्क्रू सैल झालाय, आधी तो आवळा आणि मगच स्कोपच्या क्लिकला हात लावा.