म्हापशात घेतलेली ‘नैरोबीची’ एव्हो: जुनी जपानी टर्बो गाडी शोधणाऱ्यांनी वाचावं

जुनी जपानी टर्बो गाडी घेताना प्रत्येकाला धास्ती असते ती इंजिनाची. टर्बोचं शाफ्ट ढिलं असेल, हेड गॅसकेट गेलेली असेल, मीटर मागे फिरवलेला असेल. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं. इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखे पडायचे, ताकद चारही चाकांना पोचायची. तरी ती गाडी माझ्या नावावर झालेली नाही, होणारही नाही, आणि रस्त्यावर काढली तर पोलीस पहिला प्रश्न मलाच विचारतील. साडेअकरा लाख कसे गेले ते लिहितोय, कारण विकणारा अजून उत्तर गोव्यात गाड्या विकतो आहे.

गाडी म्हणजे मित्सुबिशी लान्सर एव्होल्यूशन सहा, थोडक्यात एव्हो, १९९९ची. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद जिंकलं ते याच घराण्यातल्या गाड्यांवर. आपल्याकडे लान्सर म्हटलं की आठवते ती हिंदुस्तान मोटर्सने १९९८पासून चेन्नईजवळ तिरुवल्लूरला बनवलेली साधी सेडान. एव्हो चार, पाच आणि सहा त्याच पिढीच्या सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. आतून मात्र काही नातं नाही. आपल्या पेट्रोल लान्सरला १४६८ सीसीचं साधं इंजिन आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. एव्होला १९९७ सीसीचं ४जी६३ टर्बो, चारही चाकांना ताकद, आणि कागदोपत्री २८० पीएस (हॉर्सपॉवरचंच मेट्रिक माप), कारण जपानी कंपन्यांनी त्या काळी आपसात ठरवून त्यापुढचा आकडा जाहीरच करायचा नाही असा करार पाळला होता. दोन गाड्यांचा बाहेरचा सारखेपणा लक्षात ठेवा. सगळी लबाडी त्यावरच उभी आहे.

विकणारा दलाल. म्हापशाच्या बाहेर शेड, दोन-तीन गाड्या कव्हराखाली, बोलणं गोड, प्रत्येक वाक्याला ‘पात्रांव’, म्हणजे मालक. त्याची कहाणी अशी: मूळ मालक नैरोबीला राहणारा गोंयकार, २००३ साली कायमचा परत आला, घरसामानाबरोबर गाडीही आणली, पुण्याला मुलाकडे राहिला म्हणून पासिंग एमएच. आता म्हातारपणी गाडी चालवत नाही. बार्देशात ही गोष्ट कुणालाही पटेल. दर दुसऱ्या वाड्यावर कुणाचा ना कुणाचा काका नैरोबीला नाहीतर दारेसलामला होता. तिकडे वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, आणि जपानच्या वापरलेल्या गाड्या ढिगाने जातात. कहाणी रचणाऱ्याला आपला इतिहास चांगला ठाऊक होता.

‘तुमचा मेकॅनिक घेऊन या, हवं ते उघडून बघा,’ हे तोच म्हणाला. आम्ही गेलो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं आलं. इनटेकमध्ये हवेचा दाब देऊन गळती बघितली, नव्हती. ४जी६३ला टायमिंग बेल्टच्या आत बॅलन्स शाफ्टचा एक छोटा बेल्ट असतो. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि हेडचं काम निघतं. दोन्ही बेल्ट नवे होते. मागच्या डिफरन्शिअलमधली एवायसी, म्हणजे वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देणारी यंत्रणा, तीही चालू होती, आवाज नाही. माझा मेकॅनिक खूश, मी त्याहून खूश. सगळी सकाळ आमची डोकी बॉनेटखाली होती, आणि दलालाला तेच हवं होतं. एरवी विकणाऱ्याला इंजिन दाखवायला लाज वाटते. हा स्वतःहून दाखवत होता.

गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा खालचा सगळा पत्रा ताज्या काळ्या अंडरकोटिंगने माखलेला दिसला. पुण्यात किंवा नाशकात मी लगेच विचारलं असतं, हे आत्ताच का मारलं म्हणून. गोव्यात कोण विचारतो? समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस. इथे शहाणा माणूस पावसाआधी कोटिंग मारतोच. फसवणाऱ्याला आपलं हवामानही उपयोगी पडतं.

मग आरसी. मॉडेलच्या जागी नुसतं ‘लान्सर’. उत्पादक: हिंदुस्तान मोटर्स. सीसी: १४६८. मी विचारलं तेव्हा त्याने तीन उत्तरं दिली, आणि ती मुद्दाम जशीच्या तशी देतो, कारण हीच उत्तरं तुम्हालाही मिळतील. पहिलं: ‘आरटीओच्या कंप्युटरमध्ये एव्होल्यूशन हा पर्यायच नाही, पात्रांव, कारकुनाने यादीतलं जवळचं नाव निवडलं.’ दुसरं: ‘मित्सुबिशीचं इथलं काम हिंदुस्तान मोटर्सच बघायची, म्हणून बाहेरून आलेली गाडीही त्यांच्याच नावावर चढते.’ तिसरं: ‘सीसी नावाबरोबर आपोआप येते.’ पहिल्यात थोडं तथ्य वाटतं, दुसऱ्यातला अर्धा भाग खराच आहे, आणि तिसरं पहिल्या दोघांच्या खांद्यावर बसून येतं. शेवटी त्याने सरकारी अॅपवर नंबर टाकून दाखवला. तिथेही लान्सर. ‘बघा, सरकार म्हणतंय.’

कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे गाडी आयात झाल्याची नोंद, मागितली. ती नैरोबीच्या सामानात कुठेतरी हरवली होती.

इथे एक हिशेब मांडतो. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरायला हवी. १९९९ची गाडी २००३ साली आली म्हणजे चार वर्षांची झाली. कहाणी स्वतःच्याच तारखांवर पडते, त्यासाठी पाना हातात घ्यायची गरज नाही. कुणी तुम्हाला नव्वदच्या दशकातली स्कायलाइन किंवा सुप्रा ‘२०१२ साली आणली’ म्हणून दाखवत असेल, तर तिथेच चहा पिऊन उठा. खरी बिल ऑफ एंट्री असेल तर तिचा नंबर, तारीख आणि बंदर टाकून कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर पडताळता येते.

ट्यूनिंगचा कागद तर करमणूक आहे. गाडी ‘स्टेज टू’, म्हणजे ताकद वाढवलेली, केली आहे म्हणून त्याने एक लाख चाळीस हजार वेगळे लावले आणि रंगीत डायनो ग्राफ, म्हणजे यंत्रावर मोजलेल्या ताकदीचा आलेख, दिला: ६५०० आरपीएमला ३४० पीएस आणि ३१ किलोग्रॅम-मीटर टॉर्क. ताकद आणि टॉर्क ही दोन स्वतंत्र मापं नाहीत. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७१६ने भागा, पीएस मिळतात. ३१ गुणिले ६५०० भागिले ७१६ म्हणजे २८१. उरलेले एकोणसाठ पीएस प्रिंटरमधून आले होते. पुढे मी वाइडबँड सेन्सर बसवला तेव्हा बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, एअर-फ्युएल रेशो (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा) १२.८ दिसला. अशा इंजिनाला पूर्ण बूस्टवर ११ ते साडेअकराच्या आसपास हवा. त्याहून कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण म्हणजे नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी होणारे स्फोट), आणि नॉकिंग म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधला पातळ भाग तुटणं. त्यात जपानमधलं हाय-ऑक्टेन पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचं असतं. हे इंजिन त्यावर वाढलेलं. ‘ट्यूनिंग’ म्हणजे काय केलं होतं, तर टर्बोच्या नळीत एक पितळी ब्लीड व्हॉल्व्ह बसवून बूस्ट वाढवला होता. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, कुणी हात लावला नव्हता. तो व्हॉल्व्ह काढून टाकल्यावर गाडी जास्त गोड चालायला लागली, हे तेवढ्यापुरतं समाधान.

पैशांचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, ‘बँकेतून चार लाख पाठवा, बाकी रोख. आणि रिमार्कमध्ये स्पेअर पार्ट्स लिहा, इन्कम टॅक्सवाले गाडी बघितली की मागे लागतात.’ गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० सही केलेले मिळाले. पुणे आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, फॉर्म २८, ‘आठवड्याभरात’ येणार होती. आठवडे येत राहिले.

उलगडा झाला तो आरटीओत नाही, फोंड्यात. पावसाळा संपल्यावर ड्रायव्हरच्या दाराखाली सिलच्या पत्र्यावर रंग फुगला. कुर्टीला एक जुने डेंटिंगवाले आहेत, पत्र्याला नुसता हात लावून सांगतात आत काय आहे. त्यांनी दार उघडलं, पायाखालचा गालिचा वर केला, पुट्टी थोडी खरवडली आणि माझ्याकडे बघितलं. ‘बाब, हांगा जोड आसा,’ म्हणजे इथे जोड आहे. सिलपासून सिलपर्यंत, सीटच्या खालून, गाडीच्या पूर्ण रुंदीला आडवं वेल्डिंग. कंपनीचे स्पॉट वेल्ड एका ओळीत, ठरावीक अंतरावर असतात. ही गॅरेजमधल्या मिग वेल्डिंगची सलग जाड रेघ होती, ग्राइंड करून वर पुट्टी, वर कोटिंग.

ज्यांना हाफ कट माहीत नाही त्यांच्यासाठी: परदेशात जुनी गाडी मधोमध कापतात आणि तुकडे ‘वापरलेले सुटे भाग’ म्हणून कंटेनरमधून पाठवतात. हे तुकडे इंजिनासाठी आणणं वेगळं. पण काहीजण पुढचा आणि मागचा तुकडा परत जोडून अख्खी गाडी उभी करतात. म्हणून माझ्या मेकॅनिकला सगळं अस्सल सापडलं. अस्सलच होतं, फक्त दोन तुकड्यांत आलेलं. अनमोड घाटात ज्या वेगाने मी ती वळवली, तेव्हा मधला जोड काय विचार करत असेल याचा विचार मी आता करत नाही.

मग आम्ही फायरवॉल बघितली, इंजिनामागचा पत्रा, जिथे चासी नंबर ठोकलेला असतो. नंबर आरसीशी अक्षरशः जुळत होता. पण त्याच्याभोवती बोटभर अंतरावर रंगाखाली चौकोनी उंचवटा. पॉलिश पेपर मारल्यावर चारही बाजूंनी वेल्ड दिसलं. दुसऱ्या गाडीच्या फायरवॉलचा नंबर असलेला तुकडा कापून इथे बसवला होता. खुद्द जपानसाठी बनलेल्या एव्हो सहाचा नंबर ‘सीपी९ए’ने सुरू होतो, पुढे डॅश आणि आकडे, जपानच्या बाजारातल्या गाड्यांना सतरा अक्षरी नंबर नसतो. सतरा अक्षरी नंबर ‘एमए’ ते ‘एमई’ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर गाडी भारतात बनलेली आहे, मग विकणारा नैरोबीची शपथ घेवो की लिस्बनची.

आरसीवरच्या पत्त्यावर पुण्याला गेलो. सद्गृहस्थ भेटले, नैरोबीला कधी गेलेले नाहीत. त्यांची पांढरी लान्सर एक्स्प्रेसवेवर ठोकली गेली होती. भंगारवाल्याला दिली आणि त्याने कोऱ्या फॉर्म २९-३०वर सह्या घेतल्या. ‘भंगारात जाणार म्हणाला, मी सही केली.’ काकूंनी चहा दिला. त्यांच्यावर राग कसला धरणार. एवढं मात्र सांगतो: ठोकलेली गाडी भंगारात देणाऱ्यांनी आरसी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. तुमच्या नंबरावर कुणाचीतरी कापलेली गाडी फिरेल, आणि ती कुणाला उडवून गेली तर समन्स तुमच्या घरी येईल.

दलालाचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. पोलीस स्टेशनात त्याने बँकेची नोंद आणि एक बिल ठेवलं: एव्हो सहाचे वापरलेले सुटे भाग. ‘मी पार्ट्स विकले, साहेब. जोडून गाडी कोणी केली ते ह्यांना विचारा.’ रिमार्कमधले ते दोन शब्द याच दिवसासाठी लिहून घेतले होते. रोखीचे साडेसात लाख तर कुणी बघितलेच नव्हते. माझ्याकडे सुदैवाने त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आहेत, ज्यात ‘गाडी’, ‘आरसी’, ‘एनओसी’ हे शब्द त्याच्याच हाताने लिहिलेले आहेत. वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली आहे. चौकशी चालू आहे, म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

गाडी आता गॅरेजमध्ये बॅटरी काढून उभी आहे. विमा पांढऱ्या लान्सरचा, त्यामुळे अपघात झाला तर कंपनी एक रुपया देणार नाही. विकता येत नाही, कारण विकली तर मी तोच धंदा केला असं होईल. आणि कस्टम्सचा प्रश्न वेगळाच. सप्टेंबर २०२५मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर छापे घातले, त्यात गाड्या ताब्यात घेतल्या त्या सध्याच्या मालकांकडून. ‘मी पैसे मोजलेत’ म्हटल्याने बेकायदा आलेली गाडी कायदेशीर होत नाही.

दलालाची नवी जाहिरात आली आहे. या वेळी सुबारू इम्प्रेझा टर्बो, मूळ मालक मोझांबिकहून परतलेला गोंयकार, पासिंग कर्नाटकचं, फोटोत खालचा पत्रा चकचकीत काळा. बघायला जाणार असाल तर मेकॅनिकबरोबर एक डेंटिंगवालाही न्या, गालिचा उचलायला सांगा, आणि पैशांची बोलणी व्हायच्या आधी बिल ऑफ एंट्रीचा नंबर मागा. मी माझ्या मेकॅनिकच्या भाच्याला पाठवलं होतं. गालिच्याला हात लावल्याबरोबर गाडी ‘कालच विकली गेली’ होती.