फ्री हॉलिडे व्हाउचरच्या नादात आमचे 40,000 अडकले, तुम्ही तरी जाऊ नका

लांब लिहायलोय पण पूर्ण वाचा, कारण आमच्या कॉलनीत या आठ दिवसात चौघांना तोच फोन आलाय.

मी संभाजीनगरला राहतो, वाळूज एमआयडीसीत कामाला आहे. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात लकी ड्रॉचं कुपन भरलं होतं, नाव, मोबाईल, लग्न झालंय का, पगार किती, गाडी कोणती. तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की लकी ड्रॉला पगार कशाला लागतो. पंधरा दिवसांनी एका मुलीचा फोन, सर अभिनंदन, तीन रात्री चार दिवसांचं व्हाउचर लागलंय, फक्त रविवारी जालना रोडच्या हॉटेलात येऊन घेऊन जा, एक तासाचा कार्यक्रम आहे, पण मॅडमला सोबत आणावंच लागेल. हे नीट लक्षात ठेवा. दोघं एकदम पाहिजेत म्हणजे 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोयच राहत नाही.

हॉलमधे गाणी एवढी जोरात की शेजारच्या टेबलवरचं काही ऐकू येऊ नये. एक पोरगा समोर बसला, लै गोड बोलायचा, वहिनी वहिनी करून मुलं कितवीत, मागच्या वेळी फिरायला कधी गेलते, सगळं काढून घेतलं. बायको म्हणली लग्नानंतर शिर्डी सोडून कुठं गेलोच नाही, झालं, पुढचे तीन तास त्याच वाक्यावर चालले. हॉलिडे मेंबरशिपचा, म्हणजे टाइमशेअरचा (आधी पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमधे राहायचा हक्क), भाव आधी 3,20,000, नाही म्हणलं की मॅनेजर आला, 2,10,000, परत नाही म्हणलं की अजून एक मोठा साहेब, 1,40,000, पण हा रेट फक्त आज, या टेबलवरून उठेपर्यंत. मधूनच घंटा वाजवायचे आन माईकवर अमुक फॅमिली मेंबर झाली म्हणून टाळ्या. पोरं भुकेनं रडायली होती, बायको दोनदा हळूच म्हणली, अहो चला ना. मी उठलो नाही. क्रेडिट कार्डवर 40,000 स्वाइप केले, बाकीचे हप्त्यानं. ते 40,000 गंगापूरच्या शेतात ठिबकसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून भरायचे असं तिथंच ठरवलं, दादांना न विचारता.

घरी येऊन रात्री अकरा वाजता करार वाचला. 25 वर्षांची मेंबरशिप, वर्षाला एक आठवडा. आन वर दरवर्षी मेंटेनन्स 9,500 अधिक 18 टक्के जीएसटी म्हणजे 11,210, तुम्ही जा नाहीतर नका जाऊ. हिशोब करा, एक रुपया वाढला नाही तरी 25 वर्षांत 2,80,250, म्हणजे मेंबरशिपच्या दुप्पट, आन करारात तर दरवर्षी वाढवायची मुभा त्यांना दिलेली. तोंडी सांगितलेलं की नको वाटलं तर आम्हीच विकून देऊ, ते कागदावर कुठंच नाही, उलट 'तोंडी आश्वासनं ग्राह्य धरली जाणार नाहीत' असं लिहून त्याखाली माझी सही.

आता ज्याच्यासाठी गेलो ते व्हाउचर. 45 दिवस आधी तीन तारखा द्यायच्या, त्यातली कोणती द्यायची ते ठरवणार. दिवाळी, मे महिना, डिसेंबरचा शेवट, जोडून सुट्ट्या सगळं बंद. रूम फ्री, पण रोजचे 1,200 युटिलिटी चार्जेस, जेवण तिथंच घ्यायची सक्ती, मोठ्यांना माणशी दिवसाला 900, मुलांच्या एक्स्ट्रा बेडचे वेगळे, रात्रीला प्रत्येकी 500. आम्हा चौघांचे तीन रात्रीचे 12,000 झाले, प्रवास सोडून. त्याच गावात त्याच तारखांना ऑनलाइन बघितलं तर नाष्ट्यासकट चांगली रूम 2,400 ला होती. म्हणजे काहीच विकत घेतलं नाही आन नुसतं व्हाउचर उचलून आलात तरी ते परवडत नाही. कोणी म्हणेल तीन तास बसू, नाही म्हणू, फुकट फिरून येऊ, तर त्यांना माझं हेच सांगणं आहे.

दुसऱ्याच दिवशी कॅन्सल करा म्हणून फोन केला तर 'नॉन रिफंडेबल' म्हणले. युरोपात टाइमशेअरचा करार 14 दिवसात कारण न सांगता रद्द करता येतो आन तेवढ्या काळात पैसेच घ्यायला बंदी आहे. आपल्याकडं टाइमशेअरचा असा वेगळा कायदाच नाही, जे आहे ते 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितल्यावर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथं कंपनीवाल्यांनी नुसती तारीख पे तारीख केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करावी लागते. केस चालू आहे. पैसे अजून आले नाहीत आन ठिबक या हंगामात पण झालं नाही, दादा एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागतंय.

ज्यांची सही या आठ-दहा दिवसात झालीय त्यांनी फोनवर बोलत बसू नका, ते लोक पुढच्या सोमवारी बघू म्हणत महिना घालवतात. आजच ईमेल करा, करार रद्द, पैसे परत, आन तेच स्पीड पोस्टानं पण पाठवा, पावती जपून ठेवा. बँकेत हप्ते लावून दिले असतील तर तिथं पण लेखी द्या. आमच्या केसमधे वकिलांनी सगळ्यात आधी तेच मागितलं होतं, पहिल्या आठवड्यातलं लेखी काही आहे का, आन माझ्याकडं फक्त कॉल हिस्ट्री होती.