एफटीएचा (देशांमधल्या मुक्त व्यापार करारांचा) ऑनलाइन कोर्स केला, चौथ्या मोड्यूलसाठी तीन स्टार

कोर्सचं नाव सांगत नाही, शिकवणारे सर चांगलेत, माझा राग जुन्या मटेरियलवर आहे. एकूण आठ मोड्यूल. पहिली तीन स्पीड वाढवून बघा, गॅट या जागतिक व्यापार कराराचं कलम 24, डब्ल्यूटीओ वगैरे, कुठेही वाचायला मिळतं.

चौथं मोड्यूल ओरिजिनच्या नियमांचं आहे, म्हणजे कराराची ड्युटी सवलत मिळायला माल कुठल्या देशाचा धरायचा, आणि तिथे पैसे वसूल! मी रोज एक्सपोर्टचे कागद करते तरी पंपाच्या उदाहरणाने ट्यूब पेटली. नियम असा धरला की एचएस हेडिंग (कस्टम्समधे मालाचा चार आकडी कोड) बदललं पाहिजे. पंप 8413 मधे, मोटर 8501 मधे, म्हणजे बाहेरून मोटर आणून पंप बनवला तर हेडिंग बदललं, काम झालं. पण पंपाचेच सुटे भाग आणले तर? तेही 8413 मधेच येतात की, मग बसा व्हॅल्यू अॅडिशनचं, म्हणजे किमतीतला किती भाग करारातल्या देशांतला त्याचं, गणित मांडत, आरसेप या आशिया-पॅसिफिक करारात किमान 40 टक्क्यांचं. सरांनी एक्सेल उघडून एकेक खर्च टाकत करून दाखवलं, मी दोनदा मागे जाऊन बघितलं.

आता तक्रार. शेवटची दोन मोड्यूल करारांच्या भवितव्याची, त्यासाठीच तर कोर्स घेतला, आणि सूर काय तर टॅरिफ हळूहळू शून्याकडे चाललेत. अहो 2025 मधे अमेरिकेने स्वतःच करार केलेल्या कॅनडा-मेक्सिकोवर 25 टक्के लावले, मग मार्चमधे सूट दिली ती यूएसएमसीएच्या (या तिघांमधल्याच कराराच्या) नियमात बसणाऱ्या मालाला, म्हणजे मुळात ड्युटी कमी म्हणून ज्यांनी कधी ओरिजिनचा कागद केला नव्हता ते सगळे त्यामागे धावले. मला तर वाटतं करार मरत नाहीयेत, उलट आत्ता कुठे लोक ते नीट वापरायला लागलेत, फक्त भरवसा उरलेला नाही. त्याच यूएसएमसीएचा जुलै 2026 ला रिव्ह्यू, तिन्ही देशांनी मुदतवाढीला हो म्हटलं नाही तर दरवर्षी बोलणी, मग फॅक्टरी टाकणाऱ्याने कशाच्या जोरावर टाकायची? यावर कोर्समधे एक स्लाइड नाही.

सीपीटीपीपी या पॅसिफिक भागातल्या व्यापार करारात तर कोर्सवाल्यांचे अजून 11 च देश. डिसेंबर 2024 पासून ब्रिटन आत आहे म्हणून मी फायनल क्विझमधे 12 लिहिलं तर उत्तर चूक, सपोर्टला मेल टाकला तर फीडबॅक नोंदवलाय म्हणे. शेवटी 11 लिहून सर्टिफिकेट घेतलं.