फ्री डिशची छत्री: भाडं शून्य, मालिका मात्र दुसऱ्यांच्या हातात

दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे छत्री लावून महिन्याचं भाडं न देता वाहिन्या बघायची सेवा, घ्यावी का, हे घरात कोण काय बघतं यावर ठरतं. बातम्या, जुने मराठी सिनेमे, भजन-कीर्तन आणि भारताचे क्रिकेट सामने एवढ्यावर घर भागत असेल, तर डोळे झाकून घ्या. रात्री जेवणाच्या वेळी ठरलेली मराठी मालिका लागलीच पाहिजे, अशा घराला ही छत्री पुरणार नाही. ती उणीव यंत्रातली नाही. त्यामागे चार-पाच मोठ्या कंपन्यांचे व्यवहार आहेत.

आधी यंत्राबद्दल. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. छत्री, एलएनबी (छत्रीपुढे बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि बॉक्स मिळून दीड ते दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च, पुढे काही नाही. कुणी 'वार्षिक रिचार्ज' मागत असेल तर सरळ नाही म्हणा, तसला प्रकारच या सेवेत नाही. बॉक्स घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे तो एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालवणारा हवा. स्वस्तातला एमपेग-२ बॉक्स काही वाहिन्या आणि सगळ्या एचडी वाहिन्या दाखवतच नाही, मग लोक छत्रीला दोष देत बसतात. दुसरं, घरात जुना डबा टीव्ही असेल तर एचडीएमआयबरोबर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं भोकही असावं.

मराठवाड्यात छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर आणि लातूरमधून दिशा उत्तरेपासून सुमारे १३६ अंश येते, नांदेडमधून १३८ ते १३९. क्षितिजापासून उंची ५९ ते ६१ अंश. पण छत्री एवढी आभाळाकडे झुकलेली दिसणार नाही, कारण घरगुती छत्री ऑफसेट, म्हणजे एलएनबी मध्यावर न येता खालच्या बाजूला असलेली असते आणि तिच्यात सुमारे २५ अंश बनावटीतच असतात. डोळ्यांना ती उभ्यापासून ३५ अंशांच्या आसपास मागे कललेली दिसते. बहुतेक जण ती जास्तच आडवी करतात आणि तासभर सिग्नल शोधत राहतात.

बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ ८० आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर आणि एलएनबी ठीक आहेत, छत्री चुकीच्या जागी बघते आहे. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे फक्त दीड अंश बाजूला आहे. तिची जुनी छत्री वापरायची असेल तर बोल्ट सैल करून ती केसभर पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला सरकवायची आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबायचं. घाईने फिरवली तर सिग्नल हातातून निघून जातो. क्वालिटी सापडली की एलएनबीची पकड सैल करून तो जागेवरच हळू फिरवा. आपल्या भागातून उपग्रह बराच पूर्वेला असल्याने एलएनबी सरळ ठेवून चालत नाही आणि नेमकं हेच काम फिटर वगळतात. क्वालिटी सर्वांत वर जाईल तिथे आवळा.

वायर आरजी-६ घ्या, मध्ये जोड नको. कनेक्टर बसवताना बॉक्स बंद ठेवा. मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. जाळीचा एक धागा जरी तिला टेकला तरी एलएनबीला वीज पोचत नाही. एलएनबीजवळ वायरीला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये न शिरता तिथूनच गळून पडेल. माळवदावर किंवा पत्र्यावर छत्री ठोकू नका. मातीत बोल्ट धरत नाहीत, पत्रा वाऱ्याने थरथरतो आणि उन्हाळ्यातल्या एका वावटळीत सगळी मेहनत जाते. भिंतीला पकड घ्या, नाहीतर सिमेंटमध्ये पाइप रोवा. ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. ७५ ची घेतली तर मोठ्या पावसात चित्र फुटायला थोडा वेळ जास्त लागतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना ही सेवा सर्वांत सोयीची आहे. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं, पाच-सहा महिने कारखान्यावर. महिन्याच्या पॅकचे पैसे त्या काळात वाया जातात. इथे बॉक्स कपाटात ठेवला, परत येऊन लावला की चालू.

आता वाहिन्यांकडे. फ्री डिशवर खासगी वाहिनीला जागा लिलावातून मिळते, वर्षाला कोटींच्या बोलीवर. शेमारू मराठीबाणा, फक्त मराठी यांसारख्या वाहिन्या अशाच आल्या. प्रेक्षकाला फुकट, पण वाहिनीला नाही. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या लहान स्थानिक वृत्तवाहिनीला इथे जागा परवडणं कठीण. ती केबलवाल्याकडे दिसते, छत्रीवर नाही. ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी त्रुटी आहे आणि ती दुरुस्त करणं सरकारच्या हातात आहे.

मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. स्टार उत्सव, झी अनमोल, रिश्ते, सोनी पल या वाहिन्या मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवरून निघाल्या, जून २०२० मध्ये परतल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. पुढे काही परत आल्या. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही. फुकट दाखवून जाहिरात मिळवायची की पॅक विकायचा, एवढाच हिशेब. मराठी मालिकांच्या मुख्य वाहिन्या पैसे घेणाऱ्याच राहिल्या. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपर्यंत ठेवता येते, पण सुटी घ्यायला गेलात तर दोन-तीन वाहिन्यांतच बेरीज अख्ख्या बुकेजवळ, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्र गठ्ठ्याच्या किमतीजवळ जाते. नियम निवडीचा असला तरी रचना गाठोडं घ्यायला लावणारी आहे.

१४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला माध्यम व्यवसाय एक झाला. व्यवहाराचं मूल्य ७०,३५२ कोटी. त्याआधी स्टार प्रवाह एका घरात होती आणि कलर्स मराठी दुसऱ्या. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे टीव्ही हक्क २३,५७५ कोटींना एकाकडे आणि भारतातले डिजिटल हक्क दुसऱ्याकडे होते, तेही एकाच छताखाली आले. स्पर्धा आयोगाने अटी घालून मंजुरी दिली खरी. पण गावातल्या केबलवाल्याने भाव करायचा कुणाशी? समोर दोन विक्रेते असताना एकाला नकार देता येत होता.

क्रिकेटच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या केंद्रांवर आणि फ्री डिशवरच दिसतं. केबलवर डीडी स्पोर्ट्स असलं तरी सामना तिथे लागत नाही. तक्रार घेऊन केबलवाल्याच्या दारात जाऊ नका, त्याच्या हातात काही नाही. आयपीएल या सक्तीत येत नाही.

महिन्याला ३०० रुपयांचा पॅक धरला तर वर्षाचे ३,६०० होतात. फ्री डिशचा खर्च सात महिन्यांत वसूल. मालिका सोडवत नसतील तर छत्री कायमची लावा आणि सणासुदीच्या महिन्यांपुरता पॅक घ्या. दर १ एप्रिलच्या सुमारास लिलावानंतर वाहिन्यांच्या जागा बदलतात, तेव्हा रिमोटवरून ऑटो स्कॅन करा. 'वाहिनी गेली' म्हणून फिटरला बोलावण्याआधी एवढं करून बघा, बऱ्याचदा ती दुसऱ्या नंबरवर सापडते.