टिकल आणि चिचेन इत्झा
माया संस्कृती एका रात्रीत लयाला गेली, असं सर्रास सांगतात. तसं नाही. ग्वाटेमालाच्या जंगलातलं टिकल हे माया शहर घ्या. जवळ नदी नाही, सगळी मदार पावसाळ्यात भरून ठेवलेल्या तलावांवर. राजवाड्यालगतच्या तलावाच्या गाळात तर पारा सापडला, बहुधा भिंती रंगवायच्या हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजातून, उतरलेला! पावसाने ओढ दिली, त्यात शेजाऱ्यांशी लढाया. इ.स. 869 नंतर तिथे तारीख कोरलेला शिलास्तंभ उभा राहिला नाही.

त्याच सुमारास मेक्सिकोतलं चिचेन इत्झा हे दुसरं माया शहर मात्र भरभराटीला येत होतं. तिथेही नदी नाहीच, पण चुनखडीचं छत खचून झालेल्या नैसर्गिक विहिरी होत्या. पर्यटकांची झुंबड तिथल्या 365 पायऱ्यांच्या पिरॅमिडपाशी. मला विचाराल तर टिकलच भारी. झाडांच्या शेंड्यांवरून डोकं काढणारं ते चौथं मंदिर!