आडनावाचं कुलचिन्ह घेताना घरचा कागद गेला

गेल्या वर्षी ई-मेल पाठवून घराण्याचं कुलचिन्ह देऊ करणाऱ्या एका कंपनीने माझ्याकडून १,८८५ पौंड घेतले आणि आमच्या घरातला एक जुना मोडी कागद नेला. पैशांचं दुःख आता बरंच ओसरलंय. कागद मात्र अजून मिळालेला नाही. माझ्या ओळखीतल्या आणखी दोन घरांना त्याच धर्तीचा ई-मेल आल्याचं कळलं, तेव्हा लाज बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

आम्ही शिंदे, सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड आमच्याच तालुक्यात आहे. त्यामुळे “आपण तिकडचेच” हे वाक्य भावकीत लहानपणापासून ऐकलेलं. कुणी ते कधी पडताळून पाहिलं नाही आणि पाहायची गरजही पडली नाही. मी इंग्लंडला येऊन वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना, आप्पांना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यांना आयुष्यभर जपता येईल असं काहीतरी द्यावं, एवढंच मनात होतं.

त्याच सुमारास तो ई-मेल आला. ‘तुमच्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स नोंदींमध्ये सापडला आहे, वारसाहक्काने तो तुमच्या नावावर करता येईल.’ कोट ऑफ आर्म्स म्हणजे ढालीवर काढलेलं कुलचिन्ह. मी चौकशीचा अर्ज भरला आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. बोलणं शुद्ध पुणेरी मराठीत. मला “दादा” म्हणाल्या, आप्पांचा उल्लेख “काका” असा. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस किती सैल होतो, ते त्या कंपनीला पुरतं ठाऊक होतं.

त्या जे सांगत होत्या त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि मी फसलो त्याचं मुख्य कारण हेच. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनने दरबार भरवला, व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद म्हणून जाहीर केलं आणि त्या निमित्ताने संस्थानिकांना कोट ऑफ आर्म्स काढलेली रेशमी निशाणं दिली, हे खरं. ती चिन्हं बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने तयार केली होती, हेही खरं. आपल्या मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंना १८५७ साली बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब दिला आणि त्यांना कोट ऑफ आर्म्स मिळाला, हेसुद्धा खरं. या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या ओळीत त्यांनी अलगद एक खोटी बसवली: ग्वाल्हेरच्या दरबाराला चिन्ह मिळालं, तुम्ही शिंदे, म्हणजे ते तुमचंही.

सुरुवातीला ‘संशोधन अहवाला’चे ९५ पौंड होते. ते मी क्रेडिट कार्डाने भरले. बारा पानांचा सुबक अहवाल आला. त्यातल्या वंशावळीत आप्पा, आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा बाळोजी ही नावं बरोबर होती. असणारच, कारण ती मीच अर्जात लिहून दिली होती. बाळोजींच्या वर ‘सयाजीराव’ असं एक नाव आणि त्याच्या वर थेट ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे संस्थापक राणोजी शिंदे. राणोजी वारले १७४५ साली. आमचे बाळोजी जन्मले त्यानंतर शंभरेक वर्षांनी. मधे एकच माणूस. हा हिशोब चौथीतल्या पोराने मांडला असता, पण मी मांडला नाही. राणोजींचं नाव आणि खाली आप्पांचं नाव एकाच पानावर पाहिलं आणि माझे डोळे भरून आले.

पुढचा हप्ता ‘वारसनोंदणी’साठी ६४० पौंडांचा आणि शेवटचा ‘मोहोरबंद सनदे’साठी १,१५० पौंडांचा. हे दोन्ही बँकेतून थेट खात्यात भरले तर पाच टक्के सूट आणि ती वजा जाऊनच हे आकडे, असं त्या म्हणाल्या. मी तसं केलं. त्यातली गोम मला नंतर कळली. इंग्लंडमध्ये १०० पौंडांहून महाग वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि फसवणूक झाली तर १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्यानुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. मी कार्डावर घेतलेल्या अहवालाची किंमत ९५, म्हणजे शंभराच्या आतली. मोठ्या रकमांना कार्डाचं संरक्षण नव्हतंच.

आणि मग कागदाचा विषय निघाला. बोलता बोलता मीच सांगून बसलो होतो की आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत लाल फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद आहे, आमच्यात कुणालाच तो वाचता येत नाही. बाईंचा आवाज एकदम गंभीर झाला. “दादा, हीच सनद असेल. पण छायाचित्रावर नोंद होत नाही. शाई आणि कागद तपासावा लागतो, मूळ प्रत पाठवा.” चुलतभाऊ इकडे येणार होता. आप्पांनी तो कागद वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, दोऱ्याने बांधून त्याच्याकडे दिला. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तो उघडला तेव्हा घड्या जिथे पडल्या होत्या तिथे तो कापसासारखा मऊ झाला होता आणि एका कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग होता. कुणीतरी कधीतरी त्याची पूजा केली असणार. मी फोनवर एक फोटो काढला आणि कागद कुरिअरने पाठवून दिला.

सहा आठवड्यांनी चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र आलं. ढालीवर फणा काढलेले दोन नाग, मधे सूर्य, वर शिरस्त्राण, खाली लॅटिन ब्रीदवाक्य. आप्पांच्या नावाआधी ‘सरदार’. त्याचा फोटो मी गावी पाठवला आणि धाकट्या भावाने कौतुकाने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ती ढाल छापली. एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स पंधरा दिवस होता. मूळ कागदाचं विचारलं की “तपासणी चालू आहे” असं उत्तर यायचं.

उलगडा झाला तो गणपतीत. आमच्याकडे आरतीला एक वयस्कर काका आले होते, ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत वाढलेले. हॉलमधल्या चौकटीपुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हे नाग आणि सूर्य तर आमच्या ग्वाल्हेर दरबाराचे. तुमच्याकडे कसे?” मी मोठ्या उत्साहाने सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, मग मला जरा बाजूला घेतलं. “बाळा, एकदा काच काढून बघ.” पाहुणे गेल्यावर मी काच काढली. जे चर्मपत्र म्हणून विकलं होतं तो जाड छापील कागद निघाला. सोनेरी रंग बोटाला लागला. लाखेची मोहोर म्हणजे फुगवटा दिलेला स्टिकर होता आणि त्याखालची फीत गोंदाने चिकटवलेली.

दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून लंडनला कॉलेज ऑफ आर्म्समध्ये गेलो, म्हणजे कोट ऑफ आर्म्स देणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या इथल्या अधिकृत संस्थेत. सेंट पॉल कॅथीड्रलपासून जवळच, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर ही जुनी विटांची इमारत आहे. तिसऱ्या रिचर्डने १४८४ साली या संस्थेला सनद दिली. आत कुणीही जाऊ शकतं आणि चौकशीसाठी एक अधिकारी पाळीवर असतो. मी हे सगळं आधी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाळीवरच्या अधिकाऱ्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे, खुर्ची देऊन, समजावून सांगितलं. ते मी इथे जसंच्या तसं मांडतो, कारण एवढं जरी मला ठाऊक असतं तरी मी वाचलो असतो.

आडनावाला कोट ऑफ आर्म्स नसतो. तो एका माणसाला मिळतो आणि त्याच्या औरस पुरुष वंशजांकडे उतरतो. तुमचं आडनाव तेच आहे म्हणून तो तुमचा होत नाही. इंग्लंडमध्ये तो वापरण्याचे दोनच मार्ग आहेत. एक, ज्याच्या नावाची इथल्या दप्तरात नोंद आहे त्याच्यापासून आपण थेट पुरुष शाखेतून आलो हे पिढी दर पिढी पुराव्यानिशी सिद्ध करायचं. ‘वारसाहक्क’ म्हणतात तो हा. दोन, स्वतःसाठी नवा मागायचा. त्यासाठी या कामावर देखरेख ठेवणाऱ्या अर्ल मार्शलच्या नावे अर्ज जातो, हे पद ड्यूक ऑफ नॉरफोकच्या घराण्यात पिढीजात आहे. त्याने मान्यता दिली की किंग्ज ऑफ आर्म्स, म्हणजे कॉलेजचे वरिष्ठ अधिकारी, सनद देतात, ती खऱ्या चर्मपत्रावर हाताने रंगवलेली असते. २०२० साली वैयक्तिक सनदेची फी ६,६०० पौंड होती आणि नंतर ती वाढत गेली आहे. म्हणजे हजार-दीड हजारात ‘अधिकृत’ चिन्ह देतो म्हणणारा तिथेच उघडा पडतो. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन या तिथल्या कुलचिन्हांच्या प्रमुख अधिकाऱ्याचं वेगळं न्यायालय आहे, तिथली नोंदवही १६७२ च्या कायद्याने सुरू झाली आणि तिथे दुसऱ्याचं चिन्ह आपलं म्हणून वापरणं हा गुन्हा आहे.

आप्पा तर भारतीय नागरिक. भारतात माणसांना कोट ऑफ आर्म्स देणारी कुठलीही सरकारी संस्था नाही. ‘सरदार’ वगैरेचा प्रश्नच येत नाही. घटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले आणि संस्थानिकांची मान्यताही १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेली. हे मी शाळेत शिकलो होतो.

शोभेसाठी म्हणून कुणी भिंतीवर ढालीचं चित्र लावलं तर त्यात काही वाईट नाही. दुकानदाराने ते चित्र म्हणून विकावं. ‘तुमचं आहे, नोंदवलेलं आहे, वारशाने आलेलं आहे’ असं सांगून विकलं की ती फसवणूक होते.

पैसे परत मिळवायला मी धडपडलो. बँक म्हणाली, तुम्हाला वस्तू मिळाली आहे, तिच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर तो दिवाणी वाद झाला. फसवणुकीची तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक माझ्याकडे आहे. कंपनीचा फोन आधी नुसता वाजत राहायचा, मग बंदच झाला. ज्या पत्त्यावर कागद पाठवला होता तिथेही जाऊन आलो. एक छोटं दुकान, आत भिंतभर लोखंडी टपालपेट्या, महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या. माझ्या कुरिअरच्या पावतीवरचा क्रमांक पाहून दुकानदाराने एका पेटीकडे बोट दाखवलं. भाडं थकल्यामुळे ती रिकामी केली होती, आतली पाकिटं कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. आतापर्यंत फोनवर भांडणारा मी, त्या उघड्या रिकाम्या पेटीपुढे मात्र काही बोलूच शकलो नाही.

तुम्हाला असा ई-मेल आला तर कृपा करून माझं ऐका: घरातला मूळ कागद कुणालाही पाठवू नका. कितीही गोड बोलणारा असो, कितीही मोठं नाव सांगणारा असो. खरा अभ्यासक कागद तुमच्यासमोर पाहील किंवा चांगला फोटो मागेल. आणि फोटो दोन्ही बाजूंचे काढा.

आप्पांना हे सांगायला मी गावी गेलो, फोनवर सांगणं जमेना. ते ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. “पोरा, त्यो कागद तेवढा आण,” एवढंच म्हणाले. आमच्याकडे पूर्वी सुगीनंतर हेळवी यायचे, वही उघडून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, आजी त्यांना सूपभर जोंधळे घालायची. ते यायचे थांबले आणि बाळोजींच्या वरची नावं आमच्या घरातून पुसली गेली. मोडी वाचणारं तर घरात कुणी उरलंच नव्हतं.

भावाने साताऱ्यात एका मोडी वाचकांचा पत्ता काढला. त्यांच्यासमोर बसून मी फोनवरचा तो एकुलता फोटो उघडला. त्यांनी तो संगणकावर मोठा केला आणि पेन्सिलीने एकेक ओळ उतरवू लागले. सनद नव्हतीच ती. शके १८११ मधला, म्हणजे १८८९ च्या सुमाराचा करारनामा, भावकीतल्या सामाईक विहिरीच्या पाण्याचा. कुणाची मोट कुठल्या वारी चालायची, त्याचा. आणि त्यात आमच्या खापरपणजोबांचं पूर्ण नाव होतं: बाळोजी बिन रायाजी शिंदे. म्हणजे बाळोजींच्या वडिलांचं नाव रायाजी. अहवालातल्या ‘सयाजीरावां’चा कुठे पत्ता नव्हता. आप्पांनी ते नाव दोनदा मोठ्याने म्हटलं.

वाचक पुढे वाचत गेले. विहिरीतला रायाजींचा हिस्सा, त्यांच्या थोरल्या भावाचा हिस्सा आणि “सदरहू दोघे भाऊ मूळचे” इथवर येऊन ते थांबले. कागदाची बाजू तिथे संपत होती. त्यांनी चष्मा वर केला.

“पुढचा मजकूर मागच्या बाजूला असणार. मागचा फोटो द्या.”

मी मागचा फोटो काढला नव्हता.